माझ्या डोळ्यातला पापणीचा केस

मित्रांनो, तपासणीच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर, पिवळ्या फुलांचा अंगरखा घालून जो बसलेला दिसतो, तो मी. वयाने म्हातारा, जातीने सूक्ष्मदर्शक. शेजारच्या नव्या यंत्राला कॅमेरा आहे, पडदा आहे, पण अंगरखा नाही. माझा कसा आला, ते सांगण्यासाठीच आज तोंड उघडले आहे.

काच घासणाऱ्या कारागिरांच्या हातून माझी भिंगे तयार झाली. लोक राईचा पर्वत करणाऱ्याला नावे ठेवतात, मला मात्र त्याच कामासाठी मान मिळाला. इथल्या डॉक्टरबाईंनी मला स्वतःच्या हाताने खोक्यातून बाहेर काढले. तेव्हा त्यांचे केस काळेभोर होते आणि त्यांना कुणी मोठ्या बाई म्हणत नव्हते.

पहिल्याच आठवड्यात एक अडचण आली. काचपट्टीवर हजारो पेशी असतात. त्यातली नेमकी कोणती पाहायची, हे दुसऱ्याला दाखवणार कसे? माझ्या पोटात बोट तर घालता येत नाही. बाईंनी आपल्या पापणीचा गळलेला एक केस चिमट्याने उचलला आणि माझ्या नेत्रभिंगात डिंकाने चिकटवून टाकला. पेशी त्या केसाच्या टोकाशी आणायची, खुर्चीवरून उठायचे आणि दुसऱ्याला बसवायचे, अशी इथली रीतच पडली. डोळ्यात केस गेला की तुम्ही हैराण होता, मी त्याच्या जोरावर जन्म काढला.

माझ्याखाली काय काय आले म्हणून सांगू! कुणाचा तीळ, कुणाची घशातली गाठ. आणि आले ते पॉलिप. गर्भाशयाच्या तोंडाशी कधीकधी एक मऊ, लालसर, देठ असलेला कोंब उगवतो, त्याला पॉलिप म्हणतात. मूल होण्याच्या वयातल्या बायकांमध्ये तो बराच आढळतो आणि बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो. पण 'बहुतेक' या शब्दावर बाईंचा भरवसा नव्हता. कोंब वाटाण्याएवढा असो की तांदळाएवढा, काढला की तो इथे यायचाच. त्याला मेणात बसवून त्याचे पातळ काप पाडायचे, जांभळ्या आणि गुलाबी रंगात रंगवायचे आणि माझ्यापुढे ठेवायचे.

मग मला आतला संसार दिसे. कुठे ग्रंथी सुजलेल्या असत, तर कुठे उंच पेशींच्या जागी चपट्या पेशींचे थर आलेले असत. शिकणारे घाबरले की बाई म्हणत, "वेश बदलला म्हणून माणूस चोर होत नाही. आधी लहान भिंगातून सगळा मोहल्ला बघा, मग मोठ्या भिंगातून एकेकाचं तोंड बघा. आणि त्याच्याही आधी, हा तुकडा कुणाचा आहे ते विचारा."

नवे यंत्र आले आणि माझे दिवस फिरले. मला कोपऱ्यात सरकवले गेले. प्लास्टिकचे आवरण फाटले, भिंगांवर धूळ बसली, लोक ओल्या छत्र्या मला टेकवून ठेवू लागले. मला वाईट वाटले, खोटे कशाला सांगू?

अशात एका शिवणकाम करणाऱ्या बाईचा पॉलिप आला. पाळी नसतानाही तिला रक्त जात होते. तिला एक मुलगी होती. दुकान जरा मार्गी लागले की दुसरे मूल हवे, असे तिने ठरवले होते.

इथले धाकटे डॉक्टर हुशार, पण घोड्यावर बसून आलेले. त्यांनी काचपट्टी नव्या यंत्रावर ठेवली आणि थेट मोठे भिंग लावले. पडदाभर इवल्या इवल्या ग्रंथी दिसल्या, एकमेकींना चिकटून, मुंगी शिरायला जागा नाही. त्यांनी लगेच शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना फोन लावला. "लक्षण चांगलं दिसत नाही. बहुतेक कर्करोग आहे."

पलीकडून आवाज आला, "तसं असेल तर गर्भपिशवी काढावी लागेल. लेखी कळवा, म्हणजे तारीख धरतो."

मोठ्या बाई दारातच उभ्या होत्या. "तुम्हीसुद्धा 'बहुतेक' म्हणालात," त्या म्हणाल्या. "सही थांबवा."

त्या माझ्याकडे आल्या. छत्र्या बाजूला केल्या, मऊ कागदाने एकेक भिंग पुसले, दिवा लावला. मला किती बरे वाटले! त्यांनी लहान भिंगापासून सुरुवात केली. सावकाश, शेताच्या बांधावरून फिरावे तशा त्या काचपट्टीभर फिरल्या. मग मोठे भिंग लावले, एक पेशी केसाच्या टोकाशी आणली आणि उठल्या.

"बसा. टोकाशी काय दिसतंय?"

"पेशी. केंद्रक लहान आहे, गोल आहे."

"शेजारची?"

"तशीच." धाकटे डॉक्टर बराच वेळ पाहत राहिले. "सगळ्याच तशा आहेत. दुभंगणारी एकही सापडत नाही."

"म्हणजे दाटी आहे, दंगा नाही. पण दाटी उगाच होत नाही. काही औषध चालू आहे का तिला?"

"पॉलिप काढणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं होतं. नाही म्हणाली."

"अहवाल न्यायला बाहेर बसली आहे ना ती? बोलवा."

ती आली, सोबत तिची नणंदही. बाईंनी दोघींना बसवले. "मूल लांबवायच्या गोळ्या घेता का तुम्ही?"

"त्या होय?" ती म्हणाली. "त्या घेते की, पुष्कळ दिवस झाले."

"मग औषध नाही असं का सांगितलंत?"

"औषध आजाऱ्याला असतं ना? मी काय आजारी होते?"

नणंद पदराआड हसली. "मीच आणून देते, डॉक्टर. वहिनी डाळीच्या डब्यात ठेवते, आईला कळू नये म्हणून."

बाईंनी धाकट्या डॉक्टरांकडे पाहिले. त्या गोळ्यांमुळे अशी दाटी होऊ शकते, हे धाकट्या डॉक्टरांनीही पुस्तकात वाचले होतेच. तरीही बाईंनी घाई केली नाही. मेणातल्या तुकड्याचे देठापर्यंत आणखी काप पाडायला लावले. प्रत्येक काप माझ्याखालून गेला. सगळीकडे तीच शहाणी, सारखी पेशी.

"कर्करोग नाही," बाई तिला म्हणाल्या. "पिशवी काढायची गरज नाही. गोळ्यांचं तुमच्या डॉक्टरांशी बोला आणि तपासणी चुकवू नका."

ती रडली आणि मग डोळे पुसून म्हणाली, "बघू का मी?" बाईंनी तिला खुर्ची दिली. ती वाकून पाहत राहिली. "कापड चांगलं आहे की," ती म्हणाली आणि नणंद पुन्हा हसली. उठताना तिची नजर माझ्या फाटक्या आवरणावर गेली. तिने वीत टाकून माझी उंची आणि रुंदी मापली. ती काय करते आहे, हे मला तेव्हा कळले नाही.

मित्रांनो, आता रोज संध्याकाळी धाकटे डॉक्टर मला पुसून झाकतात. तुमच्याही घरात, शाळेत कुणी जुने कोपऱ्यात पडले असेल, तर त्याच्यावरची धूळ तेवढी पुसा. आणि कुणाबद्दल मत बनवताना लहान भिंगापासून सुरुवात करा, दोन गोष्टी त्यालाच विचारा. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं.

अंगरखा लगेच आला नाही. मला वाटले, विसरली असेल. पण दोनेक पावसाळ्यांनंतर ती आली, माझ्या अंगात अंगरखा घातला आणि तो नेमका बसला. "उशीर झाला," ती बाईंना म्हणाली. "झबल्यातून कापड उरेपर्यंत थांबले होते." तिच्या कडेवर पिवळ्या फुलांचे झबले घातलेले बाळ माझ्याकडे टक लावून पाहत होते.