कपाळावरचा हिरवा दिवा

शाळेच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर नववीची चाळीस मुलं ओळीनं बसली होती. प्रत्येकाच्या कपाळावर रबरी पट्टी आणि पट्टीवर बारकासा दिवा. या पट्ट्या विकायला आलेले, चकचकीत कोटातले एकाग्रतावाले महाशय हात पसरून म्हणाले, "बाळांनो, विज्ञानाचं पुस्तक उघडा! मेंदूच्या लहरी जाग्या होऊ द्या!"

मिनिटभरात चाळीसही दिवे हिरवे झाले. आईबापांनी तोंडात बोटं घातली. एक आजी डोळे पुसत म्हणाली, "अगं बाई, आमचं हे ध्यान आणि एकाग्र!"

"हिरवा म्हणजे मेंदू ज्ञान पितोय. लाल म्हणजे भटकतोय," महाशयांची टकळी चालूच होती. "ही पट्टी विश्वाच्या कंपनांशी जोडलेली आहे. परदेशात हिच्यावर मोठं संशोधन झालंय!" कुठल्या परदेशात, हे विचारण्याचे कष्ट कुणी घेतले नाहीत.

विज्ञानाच्या बाई कोपऱ्यात उभ्या होत्या. विश्वाची कंपनं कानावर पडताच त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. पण मुख्याध्यापक टाळ्या वाजवत होते आणि बाईंची नोकरी अजून कायम झाली नव्हती. बाई मूग गिळून गप्प बसल्या.

शाळेनं पट्ट्या घेतल्या आणि सुरू झाली रोजची यादी. कोण किती वेळ लाल, हे संध्याकाळी घरोघरी कळायचं. गणिताचे सर तासभर फळ्याकडे तोंड करून लिहायचे, त्यांचा वर्ग हिरवागार. बाईंच्या तासाला मुलं चुंबकासाठी भांडायची, हसायची, बाकावरून पुढे झेपावायची, की लालच लाल!

"तुमच्या तासाला मुलांचं लक्ष नसतं, बाई," मुख्याध्यापक म्हणाले. "यंत्र काय खोटं बोलेल? शुक्रवारच्या पालकसभेपर्यंत सुधारणा दिसली नाही, तर नववीचं विज्ञान दुसऱ्याकडे द्यावं लागेल."

गंमत म्हणजे बाईंना काही करावंच लागलं नाही. तिसऱ्या आठवड्यात वर्ग आपोआप हिरवा झाला. बाईंनी पाण्याचा भरलेला पेला पुठ्ठा लावून उलटा धरला, पाणी सांडलं नाही, आणि एकाही पोरानं "अरे!" म्हटलं नाही. वर्गात जिला सगळे 'प्रश्नपत्रिका' म्हणून चिडवत, ती मुलगीसुद्धा दगडासारखी बसून होती.

तास संपल्यावर बाईंनी तिला थांबवलं. "का गं, बरं नाही का?"

"बरं आहे, बाई."

"मग आज एकही प्रश्न नाही?"

"बोललं की कपाळ हलतं. हललं की दिवा लाल होतो." ती खाली बघत म्हणाली, "आणि लाल झाला की बाबा जेवताना माझ्याशी बोलत नाहीत."

त्या दिवशी एक पट्टी पिशवीत घालून बाईंनी घरी नेली, उलटीपालटी करून पाहिली आणि स्वयंपाकघरातच प्रयोग केला.

शुक्रवारी भरल्या सभेत त्यांनी खुर्चीवर काहीतरी ठेवलं. त्यावर पट्टी, वर पातळ रुमाल, रुमालातून दिसणारा हिरवा दिवा. "हा माझा सगळ्यात एकाग्र विद्यार्थी. मघापासून एकदाही लाल झालेला नाही."

रुमाल काढला. आत ओला कोबी!

सभागृह हसून लोटपोट झालं. महाशय ओरडले, "वनस्पतींनाही चेतना असते!"

"मग बसवा त्याला परीक्षेला!" मागून कुणीतरी म्हणालं.

बाईंनी पट्टीची आतली बाजू दाखवली. "ही धातूची दोन बटणं. ओलसर जागेवर टेकली की त्यांच्यातून किंचित वीज जाते. मिनिटभर नीट टेकून राहिली की दिवा हिरवा, सरकली की लाल. कपाळाला घाम असतो, म्हणून तिथं चालतं. लहरी नाहीत नि कंपनं नाहीत. डोकं हललं की नाही, एवढंच हिला कळतं."

महाशयांना तेवढ्यात महत्त्वाचा फोन आला. तो घ्यायला जे बाहेर पडले, ते परत आलेच नाहीत.

बाईंना वाटलं, संपलं. तेवढ्यात प्रश्नपत्रिकेचे बाबा उठले. "ते फसवं असेल, बाई. पण पोरं शांत बसायला लागली, हे तरी खरं ना?"

आणि कितीतरी माना डोलल्या. त्या माना बघून बाईंना महाशयांपेक्षा जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी पट्ट्या कपाटात गेल्या. तासाला बाईंनी विचारलं, "काही शंका?" चाळीस कपाळं जागच्या जागी. बऱ्याच वेळानं प्रश्नपत्रिकेचा हात अर्धवट वर आला.

"बाई, पहिल्या दिवशी तुम्हाला ते खरं वाटलं होतं?"

"नाही."

"मग तेव्हाच का नाही विचारलंत?"

थाप मारणं सोपं होतं. बाईंनी ती मारली नाही.

"घाबरले होते गं. सगळे टाळ्या वाजवत होते. वाटलं, आपणच मूर्ख ठरू. तुम्ही गप्प बसायला लागलात, त्यात माझाही वाटा आहे. चुकलंच माझं. तुम्ही असं करू नका. टाळ्या कितीही वाजू देत, शंका आली की तिथल्या तिथं विचारायचं. कशावरून? कुणी पाहिलं? पुन्हा करून दाखवाल का? समोर कुणीही असो."

मुलगी उभीच राहिली. "बाबा असले तरी?"

बाईंना तिच्या घरचं ते मुकं जेवण दिसलं. हो म्हणणं त्यांना जड गेलं.

"हो," त्या म्हणाल्या. "बाबा असले तरी. भीती वाटेल. तरी विचार."