मंगलाची घागर

आधारनं खांद्यावरची मातीची घागर उंबऱ्याशी टेकवली, तशी कलाबाईनं आतून दार लोटलं. दाराची कड लागून घागरीच्या काठाचा टवका उडाला.

"पंडितभाऊ, त्यासले सांग," ती म्हणाली, "आठे, या घरमां, घागर भराई गयी. दुसरी नही लागस."

तिचा भाऊ पंडित ओट्यावर दोघांच्या मधे उभा होता. निरोप द्यायची गरज नव्हती. आधार तीन हातांवर होता.

अखाजीचा, अक्षय्य तृतीयेचा दिवस. गेलेल्या माणसांच्या नावानं आज पाण्याची घागर भरतात. मंगलाला जाऊन अकरा महिने झाले होते. नऊ वर्षांची पोर. तिच्या आईबापांची घरं त्याआधीच वेगळी झाली होती. आई असोद्याला भावाकडे, बाप दोंडाईच्याला. मे महिन्याच्या सुट्टीत मंगला एसटीनं बापाकडे गेली आणि पाचव्या दिवशी धुळ्याच्या दवाखान्यात मेंदूच्या तापानं संपली. पंचांसमोर कलाबाईनं बोट रोखून सांगितलं होतं, बापानं मारली. आधारनं मान वर केली नव्हती.

"पोर मनी बी व्हती," आधार म्हणाला. "घागर भरसू आनि जासू."

"त्यासले इचार, दोन दिन पोर तापमां पडेल व्हती, तवय बाप कोठे व्हता?"

"घरमांच व्हतू."

"मंग दवाखाना दिसना नही?"

आधार पुढे सरकला. पंडितनं त्याची गचांडी धरली. शेजारच्या ओट्यावरच्या बाया उठून उभ्या राहिल्या.

"हासत-खेळत पोर बसमां बसाडी व्हती मी!" पंडित ओरडला. "तुम्ही मारी तिले!"

त्याचा दुसरा हात वर गेला.

"हासत-खेळत नही," कलाबाई दार उघडून बाहेर येत म्हणाली.

पंडितनं वळून पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती.

"सकाळलेच तिनं आंग तपेल व्हतं. माले माहीत व्हतं." तिनं पदराचं टोक मुठीत आवळलं. "माले वाटनं, एक डाव बापले बी रात जागू दे."

पंडितचा हात आपोआप खाली आला. मग दुसराही सुटला. बहिणीकडे न बघता तो ओटा उतरला आणि गल्लीनं चालू लागला.

आधारनं सदऱ्याची कॉलर नीट केली.

"माले बी माहीत व्हतं," तो म्हणाला. "बसमधून उतरनी, तवयच कपाळले हात लावा मी."

कलाबाईनं मान वर केली.

"मंग पंचसमोर काबर नही बोलनात?"

अकरा महिन्यांत ती पहिल्यांदाच थेट त्याच्याशी बोलत होती.

आधार घागरीकडे बघत बोलला.

"बोलतू, तर पुढलं बी सांगनं पडतं. तुले चिठ्ठी धाडी व्हती, पोर बिमार शे, ली जाय. म्हटलं, मायनं धाडी, मायच न्यायले यी. दोन दिन वाट पाही तुनी."

"चिठ्ठी भेटनी नही माले."

"माहीत शे. परत उनी ती. चुकीना पत्ता लिखा मी."

कलाबाई ओट्याच्या कडेला बसली, त्याच्याकडे पाठ करून.

"बठ्ठं सांगा," ती म्हणाली. आवाजातली धार गेली नव्हती. "बसमधून उतरनी, तठून. ती काय काय बोलनी, एक बी शबद सोडू नका."

आधार उन्हातच खाली बसला. घागर जवळ ओढून तो बसपासून सांगू लागला.