गावासाठी सहा बॉल

मी ऑफस्पिनर. रणजीच्या चौदा मॅच, एक्केचाळीस विकेट. मग एका अंपायरनं रिपोर्ट केला की माझा हात कोपरात वाकतो. म्हणजे मी बॉल टाकत नाय, फेकतो.

खरं होतं ते. मला कोणी शिकवलंच नव्हतं. सारसोळे गावात टेनिस बॉलवर वाढलो. तो बॉल हलका, वळवायचा तर कोपरातून झटका द्यावाच लागतो. गावात सगळेच देतात.

जोतीराम सरांनी आठ महिने माझा हात परत बनवला. सर साताऱ्याचे. सकाळी वाशीच्या भाजी मार्केटात नोकरी, दुपारी आमचं कोचिंग. कोपराला पुठ्ठा बांधून रोज दोनशे बॉल. बाजूला मोबाईलवर शूटिंग चालू.

"हात कानाजवळनं आण, लेका. घाई करू नगंस."

मग हाताची टेस्ट. अंगाला स्टिकर, चारी बाजूंनी कॅमेरे. कोपर पंधरा डिग्रीपर्यंत वाकलं तर चालतं, माझं अकरा आलं. सरांनी रिपोर्ट घडी घालून खिशात ठेवला. मग म्हणाले, "एकच सांगतो. टेनिस बॉलला हात लावायचा न्हाय."

मी हो म्हटलं.

रणजीत परत घ्यायच्या सिलेक्शन मॅचच्या चार दिवस आधी गावदेवीच्या जत्रेची फायनल होती. बघायलाच गेलेलो, आईशप्पथ. चुलतभाऊ दिपेशदादा कॅप्टन. लास्ट ओव्हर, समोरच्यांना नऊ रन पाहिजेत, आणि आमच्या बॉलरच्या पायात गोळा आला. आमच्याकडे बदली बॉलर चालतो.

"विप्या, ऊठ."

"दादा, मला मनाई हाय."

"कोनाची? त्या मास्तरची? रनजी खेलतंस न् गावाला सहा बॉल नाय?"

मागून कोणतरी बोललं, "बूट मलतील त्याचे!" सगळे हसले. अख्खं गाव बसलेलं. आईपण.

उठलो.

पहिला बॉल सरळ हातानं टाकला. सिक्स. पुढचे पाच जुन्या हातानं. दोन विकेट, एक रन. जिंकलो. दादानं खांद्यावर घेऊन नाचवलं. खोटं नाय बोलत, मजा आली.

सिलेक्शन मॅच नेरूळला. सहा ओव्हर हात बरोबर येत होता. सातव्या ओव्हरला बॅट्समननं लागोपाठ दोन फोर मारले. डोकं फिरलं. पुढचा बॉल जोरात सोडला आणि हातानं आपला आपणच झटका दिला. बॉल हातभर वळला, मिडल स्टंप उडाला.

पोरं अंगावर पडली. दोन्ही अंपायरनी नो-बॉल दिला नाय. बाउंड्रीबाहेर सर टाळ्या वाजवत होते. एवढ्या लांबून त्यांना कोपर दिसलं नसणार. मला मात्र कळलं होतं. बॉल सुटायच्या आधीच कळलेलं.

कॅप्टन शिवतेजला बाजूला घेतलं. "मला काढ. मागचा बॉल फेकला मी."

"अंपायरला दिसला? नाय ना? मग मलापण नाय दिसला. टाक गप."

ओव्हर पुरी केली. सरळ हातानं. एक सिक्स गेला, विकेट नाय.

टी-ब्रेकला सर डब्यातून लाडू घेऊन आले. "खा. काय वळला रं त्यो!"

मी सांगून टाकलं. त्या बॉलचं, आणि जत्रेचंपण.

सरांनी डब्याचं झाकण लावलं. बराच वेळ त्यांना ते नीट बसवताच येईना.

"मला इचारायचं हुतंस."

"तुमी नाय बोलला असता."

"मग?"

"मग गावात कसा राहिलो असतो, सर?"

सर पाणी प्यायले. मग म्हणाले, "मी कालच सिलेक्टरना सांगून आलोय. पोराचा हात आता धुतल्या तांदळावानी हाय म्हणून."

"आता?"

"आता त्यांना खरं सांगाय पायजे. तू येतूस का मी एकटाच जाऊ?"

त्यांच्या शर्टला मार्केटातल्या कांद्याचा वास येत होता. सकाळी ड्युटी करून तसेच आलेले.

"तुमी बसा, सर. माझा हात हाय, मीच जातो."

तिघं सिलेक्टर टेबलावर चहा घेत होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी मधे तोडलं नाय. एकानं कप बाजूला केला, खालचा टीमच्या यादीचा कागद ओढला आणि पेनानं माझं नाव शोधायला लागला.

जास्त शोधावं नाय लागलं. वरून दुसरं होतं.