गोंताचा घास

आमच्याकडे, जपानच्या या खेड्यात, व्रात्य पोराला 'गोंता' म्हणतात. ह्यांच्या दोस्ताने, मुनेओसाननी, ते कुत्र्याचं पिल्लू आणून दिलं, त्या दिवशी त्याने आधी माझी चप्पल फाडली, मग पडवीच्या कागदी दारातून आरपार उडी मारली आणि शेवटी सासूबाईंच्या तसबिरीपुढे ठेवलेला भात खाऊन टाकला. आमचे हे पोट धरधरून हसले. "आईच्या ताटाला हात लावायची माझी कधी छाती झाली नाही," म्हणाले, "हा खरा गोंता!" तेच नाव पडलं. दाराला कागद चिकटवत बसायचं काम मात्र माझ्याकडे आलं.

रानडुकरं आमच्या संत्र्यांची धूळधाण करायची, म्हणून शिकारी जातीचं हे पांढरं कुत्रं आणलेलं. अंगात नुसतं वारं भरलेलं. "वहिनी, याला आवरायचं तर आधी दमवायला हवं," मुनेओसान म्हणाले. ते जुने शिकारी, त्यांचं बोलणं आमच्या ह्यांना प्रमाण. रोज पहाटे हे त्याला घेऊन बागेचे टप्पे चढायचे. साठी उलटलेला माणूस धापा टाकत खाली यायचा आणि पिल्लू अजून उड्याच मारत असायचं.

"कोण कोणाला दमवतंय?" मी विचारायची.

"तू चहा टाक," हे म्हणायचे.

चावणं सोडवायला ह्यांनी त्याला कधी मारलं नाही, की आवाज चढवला नाही. गोंताने दात लावला की हे त्याच्याकडे पाठ करून खांबासारखे उभे राहायचे. तो विजार ओढायचा, भुंकायचा, गोलगोल धावायचा, पण पाठ काही हलायची नाही. शेवटी कंटाळून तो मागे गुपचूप बसला की मगच हे वळायचे आणि वाळवलेल्या रताळ्याचा तुकडा त्याच्या तोंडात द्यायचे. "कुत्र्याला पाठीएवढी मोठी शिक्षा नाही," असं मला शिकवायचे. "बायकोलाही नाही," मी म्हणायची. ते बरं ऐकू यायचं नाही ह्यांना!

सगळ्यात अवघड गेलं ते जेवण. आमच्याकडे कुत्र्याचा पहिला धडा तोच. 'माते' म्हटलं की भांड्यासमोर थांबायचं, 'योशी' म्हटलं की खायचं. गोंता सुरुवातीला भांड्यात डोकंच घालायचा, हे भांडं उचलून घ्यायचे, पुन्हा ठेवायचे, तो पुन्हा डोकं घालायचा. बघून माझाच जीव कावायचा. पण हे हट्टाला पेटले होते. वर्ष फिरलं तोवर असं झालं, की समोर भात नि माशाचं डोकं ठेवून हे निवांत चहा प्यायचे, बागेचं फाटक लावून यायचे, आणि गोंता जागचा हलायचा नाही. तोंडातून लाळेची तार, पण डोळे ह्यांच्यावर. पाहुणा आला की हा खेळ दाखवल्याशिवाय त्याची सुटका नसे. पोरगा परीक्षेत पहिला आल्यासारखी ह्यांची छाती फुगायची.

त्यातही मुनेओसानचा एक दंडक होता, शब्द एकाच तोंडून यायला हवा. "वहिनी, तुम्ही मधे बोलायचं नाही हं. दोन धनी झाले की शिकारी कुत्रं वाया गेलंच समजा." म्हणजे मासे उकडायचे मी, भात कालवायचा मी, आणि मान ह्यांचा. एकदा मी मुद्दाम 'योशी' म्हणून पाहिलं. गोंताने माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं आणि मग ह्यांच्याकडे वळला. हे इतके हसले, की चहा सांडला.

गेल्या हिवाळ्यात संत्री उतरवायच्या दिवसांत गोंता एकटाच धावत खाली आला आणि माझा एप्रन धरून ओढायला लागला. मी वर गेले, तर हे सांडलेल्या संत्र्यांत पडलेले. तोंड एका बाजूला ओढलेलं, काहीतरी सांगू पाहत होते. अर्धांगाचा झटका होता. हे इस्पितळात असेपर्यंत गोंता मी पाठ वळवली की चोरून दोन घास खायचा. कसाबसा तगला.

प्लमची फुलं गळायला लागली तेव्हा ह्यांना चाकाच्या खुर्चीत बसवून घरी आणलं. गोंताने उडी मारली नाही. तो नुसता थरथरत जवळ आला आणि ह्यांच्या मांडीवर हनुवटी टेकवून उभा राहिला. संध्याकाळी मी त्याचं भांडं ठेवलं. तो ताठ बसला, ह्यांच्याकडे बघत. ह्यांनी तोंड उघडलं.

"आ... आ..."

बाकी काही येईना. घाम फुटला, मानेच्या शिरा तटतटल्या. गोंताचे कान उभे राहिले, पडले, पुन्हा उभे राहिले. तो शब्द काही आला नाही. धनी समोर असताना आता चोरून खाण्याचाही प्रश्न नव्हता. "योशी, योशी, खा रे बाळा," मी म्हटलं. मला कोण विचारतो?

मग रोज तेच. मी भांडं परसात नेलं, तर गोंता येईना, आणि हे डाव्या हाताने टेबल बडवायला लागले. त्यांना भांडं आपल्यासमोरच हवं होतं. कुत्रं आपली वाट बघतंय, म्हणजे आपला शब्द परत येणार, असं काहीतरी मनात धरून बसले होते. मला समजत होतं. पण समोर गोंताच्या बरगड्या दिसायला लागल्या. क्वचित अन्न मी हाताने त्याच्या जबड्यात कोंबायची, तर अर्धं तो बाहेर टाकायचा आणि अपराध्यासारखा ह्यांच्याकडे बघायचा. माझा संताप व्हायचा. कोणावर करायचा तेच कळायचं नाही.

मुनेओसान आले. गोंताच्या पाठीवरून हात फिरवताना त्यांचा चेहरा उतरला. "तोकुजी," ते ह्यांना म्हणाले, "कुत्रं मरेल रे. चुकलं ते माझं. एकच तोंड म्हणालो ते मीच. पण आता तो शब्द वहिनींच्या तोंडी दे."

"त्यांनी द्यायचा कसा? बोलता येतंय का त्यांना?" मी फणकारले.

हे कितीतरी वेळ गोंताच्या बरगड्यांकडे बघत राहिले.

संध्याकाळी मी भांडं ठेवलं. गोंता बसला. ह्यांनी तोंड उघडलं नाही. डाव्या हाताने चाक धरलं, जोर लावला आणि खुर्ची हळूहळू फिरवली. पूर्ण पाठ केली त्याच्याकडे.

गोंता कण्हला. आपलं काय चुकलं ते त्याला कळेना. किती दिवसांत त्याने दात लावला नव्हता, की तो भुंकला नव्हता. तो त्या पाठीकडे बघत राहिला, मग त्याने माझ्याकडे बघितलं.

"योशी," मी म्हटलं.

त्याने एकदा पाठीकडे पाहिलं. पाठ हलली नाही. मग त्याने मान खाली घातली आणि खायला लागला. माशाचं हाड कडकड वाजत होतं आणि ह्यांचे खांदे हलत होते. मी जवळ गेले नाही. गेले असते तर त्यांना रडता आलं नसतं.

भांडं चाटूनपुसून झाल्यावर गोंता खुर्चीच्या मागे आला आणि बसला. भुंकला नाही, पंजा लावला नाही. लहानपणी शिकवलं होतं तसाच, गुपचूप. शहाण्यासारखं बसलं की धनी वळतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मी फडताळातून रताळ्याचा तुकडा काढला आणि ह्यांच्या डाव्या हातात ठेवला.

"वळा ना आता," मी म्हटलं. "खाल्लं त्याने. झालं सगळं."

ह्यांनी मान हलवली. नाही. आज वळले, तर उद्या तो पुन्हा ह्यांच्याच शब्दाची वाट बघेल, हे मलाही कळत होतं. तुकडा त्यांनी मुठीत घट्ट धरला आणि बागेकडे तोंड करून बसून राहिले. मागे गोंता बसला होता, शेपूट जमिनीवर हळूच आपटत.