दरसालचा निरंक अहवाल

निकितानं राजीनामा माझ्या टेबलावर ठेवला तेव्हा मी जेवणाचा डबा उघडत होते. 'घरगुती कारणामुळे', असं लिहिलं होतं. डोंबलाचं घरगुती कारण! अनसिंगहून रोज बसचे धक्के खात वाशिमला येणारी ही मुलगी. आमच्या बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत तिला नोकरी लागली तेव्हा तिच्या घरच्यांनी गल्लीभर पेढे वाटले होते.

"काहून सोडून राह्यली वं?"

"दिनेश सर," ती म्हणाली. मग खालच्या आवाजात बोलत राहिली. "मशीनजवळ बोलावते अन् पाठीवरून हात फिरवते. काल दाराले आतून कडी लावली. मी खिडकीतून हमालाले आवाज देला, तवा उघडली."

दिनेश आमचा मॅनेजर, मालक दौलतरावांचा सख्खा भाचा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं कडी लावायची आणि नोकरी हिनं सोडायची, हा कुठला न्याय? पण माझ्यासारखी हेडक्लार्क बाई मालकाच्या भाच्याचं काय वाकडं करणार? मी राजीनामा ट्रेमध्ये ठेवला आणि डबा तसाच बंद केला.

तीन वाजता दिनेश स्वतःच आला. शीळ वाजवत.

"वर्षाराणी मॅडम, एवढ्या सह्या करा. अहवाल आजच पाठवाचा हाये."

असले कागद मी सहा वर्षं डोळे मिटून सही करून देत आले होते. त्या दिवशी डोकं फिरलेलं होतं म्हणून हा वाचला. 'कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ: वार्षिक अहवाल. प्राप्त तक्रारी: निरंक.' म्हणजे वर्षभरात एकही नाही! खाली सहीची जागा होती आणि तिथं छापलं होतं, 'अध्यक्ष, अंतर्गत तक्रार समिती'. अध्यक्षांचं नाव माझं!

मग आठवलं. सहा वर्षांपूर्वी महिला दिनाला यानं साड्या वाटल्या होत्या आणि कसल्याशा कागदावर माझी सही घेतली होती. मला वाटलं, साडी मिळाल्याची पोच असेल. आता सदस्यांची नावं वाचली. त्यात आमच्या ऑफिसातली रुपाबाई होती. ती वारून दोन वर्षं झाली! मेलेल्या बाईला समितीत बसवून हा माणूस निर्धास्त शीळ वाजवत होता.

"मी अध्यक्ष हाओ?" मी विचारलं.

"कागदावर, मॅडम. सरकारले कागद लागते." तो हसला.

"मंग ऐका. तुमच्याविरुद्ध तक्रार हाये. ह्या निरंक अहवालावर मी सही करत नाई. तुमाले नोटीस येईन, तिचं लेखी उत्तर द्या."

त्याचं हसू मावळलं. "नोकरी जड झाली काय तुमाले? मामाले सांगू?"

"सांगा. मामाले बी एक प्रत देईन म्हणा. अन् एक कलेक्टर ऑफिसले."

दार आपटून तो गेला. मी निकिताला बोलावलं, राजीनामा तिच्या हातात परत दिला आणि कोरा कागद घेऊन तिचा जबाब लिहायला बसले. तारखा, वेळा, कडी, हमाल. ती सांगत गेली, मी लिहीत गेले. एकेका ओळीसरशी दिनेशला मनातल्या मनात शिव्या घालत होते.

"पहिल्यांदा कोणाले सांगतलं?"

तिनं हातातल्या राजीनाम्याची घडी घातली.

"भेऊ नको, बोल."

"तुमालेच, काकू. दिवाळीच्या आधी. तुमी म्हटलं, लक्ष नको देऊ, तो तसाच हाये."

मला आठवलं. चहा पिता पिता म्हटलं होतं मी, आणि लगेच बिलांच्या फायलीत डोकं घातलं होतं. त्यानंतर तीन महिने ही पोरगी एकटीच त्या प्रयोगशाळेत जात राहिली. मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

"ते नाई लिहिलं तरी चालते, काकू," निकिता म्हणाली.

"कायले नाई लिहाचं?"

मी लिहिलं, 'तक्रारदाराने ही बाब दिवाळीपूर्वी समितीच्या अध्यक्षांना तोंडी सांगितली होती. अध्यक्षांनी काहीही केले नाही.' मग 'अध्यक्षांनी' या शब्दापुढे माझं पूर्ण नाव घातलं.