छपरावरची पाटी

घराचा विमा मी काढला तेव्हा सासूबाई महिनाभर हसत होत्या. "मान्साचा विमा ऐकलाय गं, भिंतींचा कुनी काढतं व्हय?" मग मे महिन्यात एका दुपारी वावटळ उठली, पाठोपाठ वळीव कोसळला आणि आमचे सगळे पत्रे उडून छगनभावजींच्या रानात जाऊन पडले. माणसांना ओरखडाही नाही, पण सासूबाईंचं हसू गेलं.

विजेचे खांब आडवे, मोबाईल मेलेला. मी तशीच पारनेरला बहिणीकडे गेले आणि विमा कंपनीला फोन लावला. पलीकडची बाई म्हणाली, "उद्या आमचे साहेब येतील. ते पाहीपर्यंत कशालाही हात लावू नका. नुकसान दिसलं नाही तर भरपाई नाही."

संध्याकाळी एसटीतून उतरले आणि घरापाशी येऊन उभीच राहिले. वर छप्पर! अंगण सारवलेलं, चुलीवर चहा. छगनभावजी वरूनच ओरडले, "वैनी, झालं बघा! लेकरं काय उघड्यावर झोपतील?" आणि आमचे हे खाली शिडी धरून!

आमच्या वाडीची रीतच तशी. कुणाचं छप्पर उडालं की दिवस मावळायच्या आत ते झाकायचं, ज्याच्याकडे जो पत्रा असेल तो त्याने आणायचा. रीत चांगलीच आहे, पण मला रडू कोसळलं. आमचे पिळवटलेले पत्रे कुणी कोंबड्यांवर झाकायला नेलेले, कुणी कांद्यावर. फैयाजने तर त्यातले दोन पत्रे हातोडीने ठोकून सरळही केले होते. करायला गेले गणपती, झाला मारुती. उसने पत्रे पावसाळ्याआधी परत द्यायचे आणि नवे घ्यायची ऐपत नाही. पण जे उन्हात राबले त्यांना 'ते मोडके परत आणा' कसं म्हणणार?

दुसऱ्या दिवशी साहेब आले, घराभोवती फिरले.

"ताई, नुकसान कुठंय? घर तर धडधाकट आहे."

मी घडलं ते सांगितलं. त्यांना ते पटलेलं दिसेना. पाणी प्यायला आत बसले आणि तांब्या तोंडाला लावताना त्यांची नजर वर गेली. बरोबर डोक्यावर लाल अक्षरांत, उलटं: 'फैयाज वेल्डिंग वर्क्स'. त्याच्या शेजारी निळा पत्रा, त्यापुढे गंजका, एकावर शेणाचे शिंतोडे.

"हे काय?"

तेवढ्यात दारात मुबारकबी चाची. "रुपाली, माजा पत्रा कदी देतीस गं? शेळ्या उनात हायेत."

साहेबांना हसू आवरेना. "चाची, यांचे मोडके पत्रे कुठं आहेत?"

"हायेत की समद्यांकडं!" चाचीने अंगणातूनच हाक दिली आणि वाडी लोटली. एका पत्र्यामागे तर कोंबड्याच धावत आल्या. फाटक्या कोपऱ्यांत अजून हुक अडकलेले होते. साहेबांनी ते आमच्या छपराच्या पाइपांना लावून पाहिले, नेमके बसले. फैयाज मान खाली घालून म्हणाला, "दोन मी सरळ केले सायेब. चुकलं."

साहेबांनी ते दोन निरखून पाहिले. "सरळ? यापेक्षा वादळाने बरे ठेवले होते." मग माझ्याकडे वळले. "काळजी करू नका ताई, भरपाई मिळेल."

माझा जीव भांड्यात पडला. चाचीला मिठी मारून मी पुन्हा रडले, या वेळी सगळ्यांदेखत.

नवे पत्रे आले तेव्हा ज्याचा त्याला पत्रा परत केला. फैयाजची पाटी सगळ्यात शेवटी उतरली. सासूबाई पदर सावरत म्हणाल्या, "विम्याचा हप्ता येळेवर भर गं पोरी. अन् फैयाजला म्हनावं, पाटी जपून ठेव."