हेदरला घातलेलं पाणी

अरवा कामावर आली त्या सकाळपासून हाशम तिच्या हातांवर नजर ठेवायला लागला.

रियाधच्या कडेला, अल सुलै भागातल्या गोदामांच्या मधोमध उमैर शेखची नर्सरी होती. हाशम दापोलीकडचा. नर्सरीचा कारभार कित्येक वर्षं तोच बघत होता. शेख अधूनमधून फेरी मारायचा. त्या दिवशी आला तो या मुलीला दाखवायलाच. विशीतली, वनस्पतीशास्त्र शिकलेली, सौदी. बायकांना गाडी चालवायची परवानगी नुकतीच मिळाली होती आणि ही स्वतःच गाडी चालवत आली होती.

"हिला सगळं शिकव," शेख म्हणाला. जरा थांबून पुन्हा म्हणाला, "सगळं."

ते दुसरं 'सगळं' हाशमला बरोबर कळलं. सौदी माणसं ठेवली नाहीत तर बाहेरच्यांचे इकामे, म्हणजे राहायचे परवाने, पुढे वाढत नव्हते. हिशेब बघणारा कादिर उन्हाळ्यातच कायमचा घरी गेला होता. त्याच्या खुर्चीवर आज जो मुलगा बसत होता, त्याला काम कादिरनंच शिकवलं होतं.

हाशमनं शिकवलं, पण हातचं राखून. त्या हिवाळ्यात एका मोठ्या हॉटेलसाठी हॉलंडहून हेदरच्या कुंड्या आल्या होत्या. वीतभर उंचीची झुडपं, सुईसारखी किंवा खवल्यांसारखी पानं आणि तांदळाएवढी फुलं. गार शेडमध्ये मांडल्यावर जांभळ्या, गुलाबी, पांढऱ्या पट्ट्यांनी सगळी टेबलं भरून गेली.

"ही कॅलुना," हाशम सांगायचा. "उत्तर युरोपातल्या माळरानांवरची. हिच्या या जातीच्या कळ्या उमलतच नाहीत, म्हणून रंग महिनोन्‌महिने टिकतो. ती कार्निया, आल्प्सच्या डोंगरांतली, ऐन थंडीत फुलते. तिच्या शेजारची डार्लेन्सिस, कार्निया आणि दुसऱ्या एका जातीचा संकर. इंग्लंडच्या एका रोपवाटिकेत आपोआप झालेला. आणि या टोकाच्या दक्षिण आफ्रिकेच्या."

"यांना बोअरचं पाणी का नाही घालायचं?" अरवानं विचारलं.

"सोसत नाही," एवढंच तो म्हणाला. का सोसत नाही ते सांगितलं नाही.

शेडमागे दोन टाक्या होत्या. पांढरीत बोअरचं क्षारांचं जड पाणी, निळीत मशिनमधून गाळलेलं. हेदरला फक्त निळीतलं. अरवा टाक्यांचे फोटो काढायची, कुंड्यांचे काढायची, मग बाजूला जाऊन फोनवर हळू आवाजात काहीतरी बोलायची. हाशम आला की गप्प व्हायची.

"शेखला कळवते सगळं," शौकत त्याला म्हणाला. शौकत दापोलीजवळच्याच गावचा. हाशमनंच शब्द टाकून त्याला व्हिसा मिळवून दिला होता. पाण्याचं काम शौकतकडे होतं. "भाय, ही तुला घालवून मगच थांबेल."

हॉटेलचं उद्घाटन जवळ आलं तेव्हा हाशमनं सहज एका कॅलुनावरून हात फिरवला. रंग जसाच्या तसा होता, पण पानं कोंड्यासारखी टेबलावर सांडली. त्यानं दुसरी कुंडी बघितली, तिसरी बघितली. हेदर मेलं तरी कित्येक दिवस जिवंतच दिसतं. ही झाडं केव्हाच मेली होती. आणि ते टेबल अरवाच्या ताब्यात होतं.

संध्याकाळी त्यानं जुबेदाला फोन लावला. "मुद्दाम मारली तिनं. खापर माझ्यावर फुटावं म्हणून."

 बायको म्हणाली, "अहो, तुम्ही तर तसेही जाणार. तिनं स्वतःच्या हातची झाडं कशाला मारावीत?"

 हाशमचा संशय मात्र गेला नाही.

दुसऱ्या दिवशी अरवाच त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. चेहरा लाल झालेला.

"तुम्ही मला काय सांगितलं नाहीत?"

"म्हणजे?"

"मी चुकावं असं तुम्हाला वाटत होतं. खरं सांगा." तिनं त्याला टेबलांपाशी नेलं. "कॅलुना गेल्या. आफ्रिकेच्याही गेल्या. कार्नियाला काही झालं नाही, डार्लेन्सिसलाही नाही. रोग असता तर असा निवडून लागला असता? मी माझ्या कॉलेजातल्या मॅडमना विचारलं, रोज फोनवर त्यांनाच विचारते. त्या म्हणाल्या, चुना सोसणाऱ्या वाचल्यात. पाणी तपासा."

तिनं पाण्यातले क्षार मोजायचं मीटर आणलं होतं. निळ्या टाकीत बुडवलं, मग पांढऱ्या टाकीत. दोन्हीकडे आकडा जवळपास सारखाच आला.

 तिला वाटत होतं हे यानं केलं. त्याला मात्र आता कळलं होतं की तिनं केलेलं नाही.

"मी बघतो," हाशम म्हणाला.

शौकत मशिनपाशी पाइप गुंडाळत होता. निळ्या टाकीत बोअरचं पाणी तूच सोडलंस का, असं हाशमनं विचारलं तेव्हा त्यानं नाकारलं नाही.

"तुझ्यासाठीच केलं, भाय. झाडं मेली की पोरगी गेली. शेखला तुझ्याशिवाय कोण आहे?"

"आणि आळ माझ्यावर आला असता तर?"

शौकत पाइपच्या टोकाकडे बघत राहिला. "तुझ्यावर कसा येईल?" तो म्हणाला खरा, पण जरा उशिरा. तो उशीर हाशमनं बरोबर हेरला. हाशम गेला आणि पोरगीही गेली, तर शेडची माहिती असलेला माणूस एकच उरत होता.

"शेख तुझ्याशी काही बोललाय का?"

"मला काय बोलणार?"

"शौकत."

"खुदा कसम, काही नाही."

हाशमला विश्वास ठेवायचा होता. ठेवता येईना.

दुपारी शेख आला. मेलेल्या कुंड्या बघून त्यानं अरवाकडे बोट केलं. "हे तुझं टेबल?"

अरवानं मान वर केली. ती काही बोलणार एवढ्यात हाशम पुढे झाला. गप्प राहिलं असतं तर त्याची नोकरी निदान वर्षभर वाचली असती. शौकत दारात उभा होता, तोही हेच मोजत असणार.

"पाणी चुकीचं गेलं," हाशम म्हणाला. "टाक्या माझ्या जबाबदारीवर आहेत. हिचा दोष नाही."

"तू? इतक्या वर्षांनी?"

"हो."

शेखनं त्याच्याकडे, मग शौकतकडे, मग पुन्हा त्याच्याकडे बघितलं. पटलेलं दिसलं नाही. "खलास," तो म्हणाला. "हिवाळा संपला की तू घरी जा."

शेख गेल्यावर अरवानं हलक्या आवाजात विचारलं, "कुणाला वाचवलंत?"

"हॉटेलला काय पाठवायचं ते बघू," तो म्हणाला.

वाचलेल्या कार्निया आणि डार्लेन्सिसच त्यांनी पाठवल्या. हॉटेलवाल्यांनी थोडी कुरकुर केली, पण बाग उभी राहिली. उरलेल्या दिवसांत हाशमनं काही राखून ठेवलं नाही. मुळांना आंबट माती का लागते, कुंडीतली पीटची माती कोरडी पडली तर झाड परत का उठत नाही, फुलं गेल्यावर कुठवर छाटायचं, सगळं सांगितलं. ती आता त्याच्यासमोरच फोनवर बोलायची. निळ्या टाकीला त्यानं कुलूप लावलं आणि किल्ली तिच्या हातात दिली. शौकतनं ते पाहिलं.

विमानतळावर सोडायला शौकतच आला. वाटेत तो गावातल्या लग्नांबद्दल बोलत राहिला. उतरताना त्यानं हाशमला मिठी मारली आणि रडला. हाशमनं त्याच्या पाठीवर हात ठेवला, पण ते रडणं कशासाठी आहे हे त्याला ओळखता आलं नाही.

दापोलीत जेवायला वाढताना जुबेदानं विचारलं, "शौकतनं खरंच तुमच्यासाठी केलं होतं?"

"त्याची आई काल दारात भेटली," हाशम म्हणाला. "शेखनं त्याचा पगार वाढवलाय म्हणे. कधी वाढवला, झाडं मरायच्या आधी की नंतर, ते मी विचारलं नाही."